आठवी वही

कवळीकाकांना सात परदेशी भाषा येत होत्या आणि त्यांतल्या एकाही भाषेत त्यांना आजवर कोणी साधी हाक मारलेली नव्हती.

काकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवत. काका त्यावरून प्लॅस्टरचे साचे काढत, गुलाबी मेणात एकेक दात बसवत आणि शेवटी कवळी घासूनपुसून अशी चकचकीत करत, की घालणाऱ्याला उगाचच हसावंसं वाटावं. घराच्या पुढच्या खोलीतच हे काम चाले. कवळी सैल झाली किंवा बोलताना शिटी वाजायला लागली, की लोक डॉक्टरांना टाळून थेट काकांकडे येत. काका त्यांना स्टुलावर बसवून एकसष्टपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावत. सदुसष्ट-अडुसष्टला शिटी वाजली, की मान डोलवून कानस उचलत. समोरचा माणूस मध्येच सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लागला, तर ते काकांच्या कानांवरून जाई. जीभ कुठं टेकते आणि वारा कुठून निसटतो, एवढंच ते ऐकत.

भाषांचा नाद त्यातूनच लागला असावा. ऐन तिशीत रद्दीच्या दुकानात त्यांना पोर्तुगीज शिकवणारं एक जुनं पुस्तक मिळालं. तीस दिवसांत भाषा येईल असं पुस्तकाचं म्हणणं होतं, काकांना तीन वर्षं लागली. मग जर्मन, मग फिनिश, मग स्वाहिली, अशी गाडी जी सुटली ती थांबलीच नाही. कोणी पत्ते कुटतं, कोणी दारू पितं, काका क्रियापदं चालवत. रोज संध्याकाळी पाच ते सात. प्रत्येक भाषेला एक जाडजूड काळी वही, आणि वहीत चार रकाने: शब्द, अर्थ, कधी आणि कोणाशी. हा शेवटचा रकाना काकांचा अभिमानाचा. भाषा नुसती पाठ करून येत नाही, कोण कोणाशी बोलतंय ते कळावं लागतं, असं ते कवळी दुरुस्तीला आलेल्यांना ऐकवत. त्या बिचाऱ्यांच्या तोंडात दात नसल्यामुळे कोणी वाद घालत नसे.

काकू मागच्या खोलीत शिवणाचं काम करत. कपडे घट्ट-सैल करून देणं, उसवलेलं शिवणं, काजं-बटणं. तोंडाचा पट्टा असा, की गल्लीनं त्यांना रेडिओकाकू हे नाव ठेवलं होतं. गिऱ्हाइकांना त्या हसत सांगत, "आमच्या ह्यांना सात भाषा येतात हो. पण घरात आठवीच चालते. तिच्यात एकच शब्द आहे, हूं."

एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या काकूंचा उजवा हात खाली घसरला आणि रेडिओ बंद झाला.

अर्धांगाच्या झटक्यातून जीव वाचला. पाय महिन्याभरात चालता झाला, हातही थोडा सुधारला. वाचा मात्र परतली नाही. त्यांना समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. काकू तोंड उघडत, कपाळाला आठ्या घालत आणि अर्ध्या आवाजाशी थांबून डोळे मिटून घेत. काकांना शांतता आवडते असं सगळे म्हणत आले होते, त्यांचं स्वतःचंही तेच मत होतं. आता ती शांतता घरात चोवीस तास मिळू लागली आणि त्यांना जेवण जाईना. पहिले सहा महिने महत्त्वाचे, त्यात जेवढं परत येईल तेवढं आपलं, असंही डॉक्टर म्हणाले होते. त्यातले तीन संपले होते.

"भाषा कशी शिकवायची ते मला सांगू नका," काका मुलीला फोनवर म्हणाले. "आयुष्य गेलंय त्यात."

आणि त्यांनी धडा पहिला काढला. पुठ्ठ्याची कार्डं कापली, चित्रं चिकटवली. काकूंसमोर बसून ते पुस्तकी, स्वच्छ आवाजात म्हणू लागले, "ही खुर्ची आहे. हे टेबल आहे. नमस्कार, तुम्ही कशा आहात?" छत्तीस वर्षं संसार केलेली बाई नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं डाव्या हातानं एकेक कार्ड पालथं घातलं आणि भिंतीकडे तोंड केलं. काकांनी हाच धडा अकरा दिवस नेमानं घेतला, कारण फिनिशचा पहिला धडा त्यांना स्वतःला बारा दिवसांनी आला होता.

बाराव्या दिवशी दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्टनं ती कार्डं पाहिली. ती वयानं लहान, पण स्पष्ट बोलणारी.

"काका, हे परक्या माणसासाठी आहे. काकूंना भाषा शिकायची नाहीये, त्यांची हरवलेली शोधायचीय. त्या रोज जे बोलायच्या ना, तीच वाक्यं लिहून आणा. तोंडात बसलेलं आधी परत येतं."

"हात्तिच्या, एवढंच ना?" काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी आठवी वही उघडली, चार रकाने आखले आणि पेन्सिलीला टोक काढलं. पहिलं वाक्य लगेच सुचलं: "ऐकताय ना?" कोणाशी? माझ्याशी. दिवसातून दहादा तरी हे वाक्य घरात उमटायचं. मशीन थांबायचं, मागच्या खोलीतून प्रश्न यायचा, आणि काका म्हणायचे, हूं. आणि त्यानंतर काकू काय सांगायच्या? काकांनी डोळे मिटले, कपाळ चोळलं. स्वाहिलीतली सहाशे क्रियापदं त्यांच्या डोक्यात ओळीनं उभी होती. बायकोचं दुसरं वाक्य काही सापडेना. चहा गार होऊन साय धरली तरी पानावर एकच ओळ. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, काकांनी तर सात देशांना वळसा घातला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायलाही घरात कोणी नव्हतं. होतं ते माणूस भिंतीकडे बघत होतं.

मग ते वही घेऊन लोकांकडे जाऊ लागले. इस्त्रीवाल्यानं सांगितलं, "काकू म्हणायच्या, माप देताना पोट आत ओढू नका, नंतर उसवायला मलाच लागतं." मुलीनं फोनवर एकामागून एक अशी चौदा वाक्यं दिली आणि मध्येच रडायला लागली. काकांच्या बहिणीनं पदर सावरून सांगितलं, "मला नेहमी म्हणायची, वन्सं, तुम्ही म्हणाल तसं." काकांनी सगळं इमानदारीत टिपून घेतलं.

सगळ्यांत मोठा साठा निघाला शेजारच्या दारात. तिथं एक निवृत्त नर्स एकट्या राहत, त्यांना सगळे सिस्टर म्हणत.

"तिची वाक्यं हवीत?" सिस्टर म्हणाल्या. "बसा मग. चहा टाकते, वेळ लागेल."

सहा पानं भरली. कापड फाटलं तर रफू, माणूस रुसलं तर चहा. बटण तुटतं ते दोऱ्यामुळे, बोलणी खातं बटण. काका लिहिता लिहिता दोनदा हसले. शेवटी त्यांनी विचारलं, "हे सगळं ती तुम्हाला कधी सांगायची?"

"कधी म्हणजे? पाच ते सात. रोज. काजं-बटणं घेऊन यायची. म्हणायची, ह्यांचा अभ्यास चाललाय, माझ्या तोंडाला कुलूप लागत नाही, त्यापेक्षा इथं बसते. खाली पोरांनी दंगा केला तर माझ्या खिडकीतून त्यांना दटावायची."

काकांना वाटत आलं होतं की पाच वाजता घर आपोआप शांत होतं.

"तिला बरं वाटायचं ना इथं?" त्यांनी हळूच विचारलं.

सिस्टर कपबशा उचलत होत्या. "बरं वाटायचं की. पण एखादी चांगली गोष्ट सांगून झाली, की म्हणायची, ही आधी घरी सांगायची होती."

हे वाक्य काकांनी वहीत लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून धडे बदलले. काका वाक्य अर्धवट म्हणत आणि थांबत. कापड फाटलं तर... काकूंचे ओठ हलत, गळ्यात काहीतरी अडे. त्या आता भिंतीकडे वळत नसत, एवढीच काय ती प्रगती. चौथा महिना गेला. एक दिवस काका बहिणीच्या पानावर आले आणि वाचू लागले, "वन्सं, तुम्ही म्हणाल तसं."

"खोटं!" काकू म्हणाल्या.

शब्द असा खणखणीत निघाला की दोघेही दचकले. मग काकू हसायला लागल्या, तोंडाच्या डाव्या बाजूनं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काकांनी ती ओळ खोडली. बहिणीला मात्र त्यांनी हे कधीच कळू दिलं नाही. घरात शांतता राखायची आणखीही कारणं असतात.

त्यानंतर शब्द सुटे सुटे येऊ लागले. चहा. नको. खिडकी. थेरपिस्ट खूश झाली. काका खूश झाले नाहीत, कारण त्या शब्दांचा चौथा रकाना कोराच होता. ते शब्द कोणाशीही बोललेले असू शकत होते.

पाचव्या महिन्यातली गोष्ट. पाच वाजले. काकूंनी काठी घेतली, टोपलीतली बटणांची डबी कनवटीला लावली आणि त्या दाराकडे निघाल्या. सवयच ती. काका पुढच्या खोलीत मेणात दात बसवत होते. ते उठले आणि दारात उभे राहिले.

"कुठं निघालीस?"

काकूंनी कपाटाकडे बोट केलं. तिथं सात काळ्या वह्या ओळीनं उभ्या होत्या. बराच वेळ ओठ जुळवून त्या म्हणाल्या, "अभ्यास."

"आज नाही," काका म्हणाले. "उद्याही नाही. तू इथं बस."

त्यांनी गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं. काकू बसल्या. त्यांनी नवऱ्याकडे, त्याच्या मेण लागलेल्या बोटांकडे आणि पुन्हा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, जणू हा माणूस खरंच थांबलाय की नाही याची खात्री करून घेत होत्या.

"ऐक..." त्या म्हणाल्या. दम घेतला. "ऐकताय ना?"

हूं अगदी जिभेच्या टोकावर आला होता. काकांनी तो गिळला. हातातला दात खाली ठेवला.

"ऐकतोय," ते म्हणाले. "सांग."

आता पुढचं सांगायचं होतं. काकू शोधू लागल्या. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली, मेणाखालचा दिवा फुरफुरला, काका हलले नाहीत. कुठला शब्द येणार ते त्यांना माहीत नव्हतं आणि कुठल्याच वहीत तो सापडला नसता.

"निळं," काकू म्हणाल्या. "रीळ. निळं रीळ... संपलं."

पाच महिने मशीनवर झाकण होतं. निळं रीळ संपल्याचं त्यांना तेव्हापासून सांगायचं असेल, किंवा हात घसरला त्याच सकाळी त्या ते सांगायला निघाल्या असतील आणि आधी ऐकताय ना विचारायचं राहून गेलं असेल. काका पायांत चपला अडकवून तसेच बाहेर पडले, मेणाच्या हातांनी, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन निळं रीळ मागितलं. दुकानदारानं काउंटरवर अकरा निळी रिळं मांडली आणि विचारलं, कुठलं?

काकांनी अकराही बघितली. मग ते वळले आणि झपाझप घराकडे निघाले, विचारायला.