पंढरीचा उलटा हात

पंढरी वायरमन कुठल्या गावचा, हेसुद्धा भगवंताला नीट सांगता आलं नसतं. जालन्याकडचा कुठला तरी, एवढंच. तारापूरच्या बांधकामावर दोन वर्षं रोजची गाठ. भगवंत सामानाच्या कोठारात, पंढरी खिडकीबाहेर चपला काढून उभा. चपला का काढायचा, हेही भगवंतानं कधी विचारलं नाही.

पंढरीची एक सवय मात्र सगळ्यांना माहीत होती. काम झालं की तो बटण दाबायचा आणि तारेवर उलटा हात ठेवून थांबायचा. लोक चिडवायचे, "काय रे, तारेला ताप आलाय का?"

"आलाय का तेच बघतोय," म्हणायचा. हात गार राहिला तरच निघायचा.

ठेकेदाराचं एक छोटं विमान होतं. सहासष्ट साली ते आठवड्यातून एकदा साहेबांना घेऊन कुरणावर उतरायचं. आधी गुराखी गुरं हाकलायचे. एका सकाळी त्याच्या रेडिओचा फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. काचेच्या नळीतले ते फ्यूज मुंबईलाच मिळायचे, आणि रेडिओ बंद असेल तर मुंबईत उतरायची पंचाईत. वैमानिक घायकुतीला आला. शेवटी पंढरीला बोलावणं गेलं.

बांधकामावर उडालेल्या फ्यूजला एकच औषध होतं. वरून तार गुंडाळायची. पातळ नसली तर जाड. जाड तार उडत नाही, म्हणून सगळे खूश असायचे. पंढरीच तेवढा कुरकुरायचा: फ्यूज उडाला नाही तर आतली तार तापून जळते. त्या दिवशी त्यानं जाड तारच गुंडाळली. पण विमानातल्या तारा वैमानिकासमोरच्या फळीमागे बंद. आत बसून फळीखाली हात घातला तरच हाताला लागायच्या, आणि रेडिओचा खरा भार उडतानाच पडायचा.

"एक चक्कर मारू, साहेब," तो वैमानिकाला म्हणाला. "माझा हात गार राहिला तर मला उतरवून तुम्ही खुशाल जा."

फळीखाली हात घालून तो शेजारी बसला.

समुद्रकाठच्या नवापूर गावाच्या वर असताना फळीमागून धूर आला. ओहोटी होती म्हणून वैमानिकानं विमान किनाऱ्यावरच टेकवलं. मासळी सुकवणारी हिरा सगळ्यांत आधी पोचली. ती पुढे सांगायची, "आमी त्याला ओढला तवा तार त्याच्या मुठीतच व्हती. जळती तार उपटून काढली त्यानं. म्हणून तो दुसरा जिता हाय."

पंढरी तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. भगवंत त्याला बघायला गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिला.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "ही जाड तार त्याला दिली कोणी?"

"त्यानंच काढून नेली असेल," भगवंत म्हणाला. वायरमनची चूक, असं ठरलं आणि कागद मिटले. चूक त्याची, म्हणून ठेकेदारानं दिलेली सालवडची खोली त्याच्या बायकोनं, साखरबाईनं, आठ दिवसांत सोडायची, असंही ठरलं.

बोईसर स्टेशनावर तिची ट्रंक भगवंतानंच उचलून नेली. गाडीला वेळ होता. साखरबाई ट्रंकेवर बसली.

"भाऊजी," ती म्हणाली, "समदे म्हणतात त्यांना अक्कल नव्हती. तुमच्या खिडकीवरूनच गेले ना ते त्या दिवशी? काही बोलले का?"

पातळ तारेचं खोकं कोठारात होतं. सगळ्यांत वरच्या फळीवर, मागे. शिडी आणावी लागली असती, आणि भगवंताचा चहा नुकताच आला होता. हे तिला आत्ता सांगता आलं असतं. नवऱ्याचं नाव तेवढं धुऊन निघालं असतं.

"घाईत होता, वहिनी," तो म्हणाला. "काही बोलला नाही."

गाडी गेली. बोलणं तर झालं होतं.

"भगवंता, पातळ नाही का रे?"

"संपली. हीच ने."

"बघ की जरा."

"बघितलं ना! एवढं काय, चालवून घे."

"बरं," पंढरी म्हणाला होता, आणि चपला पायात सरकवल्या होत्या. "चहा गार होतोय तुझा. पी."