दीड वर्षाची दहा वर्षं

मनकर्णानं आयुष्यात कुठलीच गोष्ट आहे तेवढी सांगितली नव्हती. रेशनच्या रांगेत अर्धा तास उभी राहिली, तरी दुकानदाराला म्हणायची, "सकाळधरनं उभी हाय की ओ!" टॉवेलच्या कारखान्यात ती कडा शिवायची. तिथं साधं डोकं दुखलं, तरी सुपरवायझरच्या कानावर जायचं ते "दोन दिस डोळ्याला डोळा न्हाय" असं होऊन. मंद्रूपला माहेरी असल्यापासून तिनं बघितलं होतं. दवाखान्यात "कालपासून ताप हाय" म्हणणाऱ्याला गोळ्या देऊन वाटेला लावतात, आणि "आठ दिस झालं" म्हणणाऱ्याच्या छातीला नळी लावतात. मग कोण कालवर थांबेल?

तिचा नवरा धोंडिराम शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. दीड वर्षापूर्वी त्याला शुगर निघाली, मग इन्सुलिनची सुई लागली, आणि पायाची जाण कधी गेली ते कुणालाच कळलं नाही. चपलेतला खिळा डाव्या पायात घुसला, त्याला पत्ता नाही. चार दिवसांनी वास आला, तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. क्लच दाबायचा पाय!

खाजगी दवाखान्यात त्याला भरती करताना डॉक्टर राजनंदिनी केसपेपर लिहीत होत्या. वयानं मनकर्णाच्या भाचीएवढ्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "शुगर कधीपासून?"

"धा वर्षं झाली की ताई! रोज सुई टोचतो मानूस!"

एरवी धोंडिरामनं दुरुस्त केलं असतं, पण तो तापानं ग्लानीत होता. ताईंनी लिहिलं आणि बॅटरी लावून पाय नीट तपासला. मनकर्णाला बरं वाटलं. काम झालं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दवाखान्याच्या विम्याच्या खिडकीवरच्या इंद्रजीतनं तिला बोलावलं. हा पोरगा फलाटावरच्या भोंग्यासारखा बोलायचा, कुणाकडं न बघता, एका सुरात.

"मॅडम, क्लेम नामंजूर झालाय. सिस्टिममध्ये काय दिसतंय, तर शुगर दहा वर्षांची, पॉलिसी तीन वर्षांची. म्हणजे आजार लपवून पॉलिसी काढली. असं मी नाही म्हणत. कंपनी म्हणते."

सर्जन सकाळीच सांगून गेले होते की आज पाचला दोन बोटं काढली तर पाय राहील. उद्यावर गेलं तर घोट्यापर्यंत कापावं लागेल का, सांगता येत नाही. विम्याचं पत्र नाही, तर आगाऊ रक्कम भरा. तेवढी तिच्याकडं कुठली? नाहीतर दुसरीकडं हलवा. हलवायचं म्हणजे पुन्हा तपासण्या, पुन्हा रांग, आणि दिवस गेला.

तिनं कंपनीला फोन लावला. "तुमचा कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे," एक बाई साखर घोळून म्हणाली. मनकर्णा म्हणाली, "व्हय बाई, ऐक की गं जरा." बाईनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला मनकर्णाला कळलं की ही बाई माणूस नाही, आणि तिनं फोन ठेवला.

ती राजनंदिनीताईंकडं धावली. "ताई, धा न्हाय. दीड."

"मग काल दहा का म्हणालात?"

"तुमी पाय नीट बघावा म्हणून."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मी नीटच बघते हो. आता पहिल्या डॉक्टरांचा कागद आणा. शुगर पहिल्यांदा सापडली तो. मग मी दुरुस्ती लिहून देते."

रिक्षा करून मनकर्णा शुक्रवार पेठेत पोचली. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी रजिस्टर काढलं, चष्मा कपाळावरनं नाकावर ओढला आणि वाचलं, "शुगरची लक्षणं पाच वर्षांपासून. पत्नीच्या सांगण्यानुसार."

"कुनी सांगितलं?"

"तुम्हीच की! मनकर्णाबाई, तुमच्या तोंडी पडलं तर सहा महिन्यांचं पोर दहावीला बसेल."

तिला हसू आलं नाही. ती बाकावर बसली. आजवर जिथं जिथं तिनं तोंड उघडलं होतं, तिथं तिथं ते धोंडिरामच्या पायाविरुद्ध लिहून ठेवलं गेलं होतं.

डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "पॉलिसी काढताना तपासणी झालेली? पन्नाशीनंतर करतात."

झाली होती. पिशवी घेऊन एक माणूस सकाळीच घरी आला होता, आणि रक्त देईपर्यंत चहा नाही म्हणून धोंडिराम तिच्यावरच डाफरला होता.

"त्या रक्तात शुगर निघाली असती, तर पॉलिसी अशी सरळ दिली नसती. तो रिपोर्ट त्यांच्याचकडं असणार. काढायला लावा."

शुगर पहिल्यांदा सापडल्याची तारीख त्यांनी लिहून दिली, त्यावर ताईंनी दुरुस्ती केली, आणि अडीचला तिनं खिडकीवर येऊन पॉलिसीच्या वेळच्या रक्ताचं सांगितलं. इंद्रजीतनं पहिल्यांदाच मान वर केली. "रक्त? किती वेळा काढलं?"

तीन-चार वेळा, असं जिभेवर आलं होतं. तिनं गिळलं. "एकदा."

"नक्की?"

"एकदाच. बारकी बाटली." एवढंसं सांगताना तिला भरबाजारात डोक्यावरचा पदर सुटल्यासारखं झालं. एकदा म्हटलं तर कोण हलणार जागचं?

पण इंद्रजीतनं ताईंच्या दुरुस्तीसकट मेल टाकला. पावणेचारला कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला. घाईतला माणूस, शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. "मनकर्णा मॅडम? हे बोलणं रेकॉर्ड होतंय बरं का. आधी दहा वर्षं का सांगितलं?"

रेकॉर्ड म्हटल्यावर तिला पोलीस दिसला. "भ्याले म्हणून."

"आणि आता?"

"आता तर लईच भ्यालेय, साहेब. पन आकडा खरा हाय."

"रिपोर्ट शोधतो," म्हणून फोन बंद. ती भिंतीला टेकून उभी राहिली. सव्वाचार. साडेचार. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन गेला, तो आपल्यासाठी की दुसऱ्यासाठी, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना त्याच भोंग्याच्या सुरात इंद्रजीतचा आवाज आला, "मॅडम, मंजूर. सही करा." सही तीन ठिकाणी करायची होती. पहिली कागदाबाहेर गेली.

ती पोचली तेव्हा धोंडिरामला स्ट्रेचरवर घेतलं होतं. ताप उतरला होता, डोळे उघडे होते.

"काय म्हनाले गं?"

"दोन बोटं काढनार. पाय राहतोय."

तीस वर्षांच्या संसारात तो तिचं सगळं बोलणं निम्मं करून ऐकत आला होता. तो ओठांतल्या ओठांत हसला. "म्हंजी एक."

"न्हाय ओ," ती म्हणाली. "दोनच."

तो तिच्याकडं बघत राहिला. हसू हळूहळू पुसलं गेलं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं, तरी दारापर्यंत सोडलं नाही.