अर्धा एकर काकडा

माझी सकाळची ड्यूटी होती. लातूरच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे तिथं वॉर्डात फोन जवळ ठेवू देत नाहीत, त्यामुळं धुरपामावशीचे सात मिस्ड कॉल मला साडेनऊला दिसले. मावशी आमच्या शेजारची, मायची जिवाभावाची मैत्रीण. ती सकाळी कधी फोन करत नाही. आमच्या गावात सकाळ फुलांची असते. मी फोन लावला तर तिकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "सुजाता, खाली बस तू. बसलीस का?... कौसाला पान लागलं गं." आमच्या भागात सापाचं नाव तोंडावर आणत नाहीत, पान लागलं म्हणतात. मी विचारत सुटले, किती वेळ झाला, श्वास कसा चाललाय, पापण्या उघडतेय का. बराच वेळ मी नर्ससारखी बोलत राहिले, लेकीसारखं नाही. शेवटी मावशी ओरडलीच, "अगं, कशाच्या पापण्या... माय ऱ्हायली न्हाई तुझी."

त्याला आता पाच आठवडे झाले. घरी भन्तेजी येऊन गेले, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे परतले. मी पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले. पण एक प्रश्न माझ्या मागं लागलाय, आणि तो कुणाला विचारायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आमचं गाव मुदखेडजवळचं. गुलाब, गलांडा आणि जाईसारखा पांढरा काकडा यांच्या मळ्यांचं. पहाटे तोडलेली फुलं ऊन चढायच्या आत नांदेडच्या मार्केटला पोचतात, काही पुढं रेल्वेनं हैदराबादेकडं जातात. मळे दुसऱ्यांचे, तोडणाऱ्या बाया आमच्या वस्तीतल्या. माय दहा-अकरा वर्षांची असल्यापासून तोडायची. काकड्याची कळी उमलायच्या आत तोडावी लागते, म्हणून तांबडं फुटायच्याही आधी निघायचं. तिची बोटं इतकी चालायची की बाकीच्या बाया म्हणायच्या, कौसाला डोळे बोटांना हायेत. आम्हाला शेत नव्हतंच. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणते, वीटभट्टीवर जायचे. पुढं पाठ गेली, तेव्हापासून झेपेल ते काम. एवढ्यात आमचं घर चालायचं, म्हणजे थांबत नव्हतं एवढंच.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात गावात एका संस्थेची माणसं आली. ती घरोघर हिंडली, पत्रे मोजले, कोण कुठं कामाला जातं ते लिहून घेतलं. मग त्यांच्यातल्या एक ताई, वयानं मायपेक्षा लहानच, आमच्या ओट्यावर बसून म्हणाल्या की तुमच्या खात्यावर दोनदा पैसे येतील. परत द्यायचे नाहीत. शेळी घ्या, घर नीट करा, लेकरांना शिकवा, काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मायला हे पटेना. "आन् इचारायला कोण येणार?" ताई म्हणाल्या, "विचारायला मी येईन मावशी, पण हिशोब मागायला नाही. कसं चाललंय एवढंच विचारीन." गावात तर काय काय उठलं. कुणी म्हणालं, अंगठा घेऊन किडनी काढतात. कुणी म्हणालं, यांनाच का, आम्हाला का नाही. ज्यांच्या मळ्यात माय जायची त्या घरच्या बाईनं चार दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. पैसे खरंच आले त्या दिवशी माय बँकेतून हात हलवत घरी आली आणि म्हणाली, "हायेत. तिथंच ऱ्हाऊ देत अजून."

मला मात्र वाटलं, हे पैसे माझेच. बारावीला मला चांगले मार्क होते, पण डॉक्टरकीच्या परीक्षेत थोडक्यात राहिले होते. कॉलेजातले सर म्हणाले होते, एक वर्ष लातूरला क्लास लाव, होऊन जाईल. माझ्या वर्गातल्या दोघी निघाल्याही होत्या. पहिला हप्ता आणि वर थोडी जुळवाजुळव केली की क्लासची फी निघत होती. मी मनातल्या मनात लातूरची खोलीसुद्धा लावून टाकली होती.

एका संध्याकाळी मी मायपुढं विषय काढला. ती भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून घेतलं, भाकरी उलटली, आणि म्हणाली, "मी धोंडिबा पाटलाची वढ्याकडची पट्टी ठोक्यानं घ्यायचं ठरवलंय. अर्धा एकर. काकडा लावते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी म्हणाले, "आणि माझं?"

"तुझं बी व्हईल. पर आधी मला उभं ऱ्हाऊ दे."

"तू रोज फुलंच तोडतेस ना? आणखी फुलं कशाला?"

त्यावर ती माझ्याकडं वळली. तिचा चेहरा मला अजून दिसतो, चुलीच्या उजेडात लालसर, आणि रागावलेला नव्हता. "लई वर्सं दुसऱ्याची तोडली गं. तुझ्यापेक्षा ल्हान व्हते तवापासून मनात हाय. एकडाव माझी तोडू दे." दादा दारात बसले होते. मी त्या रात्री जेवले नाही, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर आम्ही दोघी कामापुरतंच बोललो.

पाटलानं पट्टी ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर काही वर्षांसाठी, दिली खरी, पण सहज नाही. पडीकच होती, दगडगोट्यांची. तरी तो म्हणाला, कागदावर दादांचं नाव पाहिजे, बाईमाणसाचं नको. माय म्हणाली, "पैसे माज्या खात्यावर आलेत, कागद बी माजाच व्हईल." दोन दिवस तिथं जाऊन बसली ती, त्याच्या वाड्यासमोरच्या लिंबाखाली. शेवटी त्यानंच कंटाळून तिचं नाव घातलं. पैशातून रोपं आली, ठिबकच्या नळ्या आल्या, विहिरीतल्या पाण्याचा वाटा ठरला. दगड तिनं आणि धुरपामावशीनं वेचले.

काकडा पहिल्या वर्षी काही देत नाही. त्या वर्षी मी मुदखेडच्या एका कापड दुकानात उभी राहिले. माझ्या मैत्रिणी लातूरहून सुट्टीला आल्या की मी रस्ता बदलायचे. पट्टीवर मी एकदाही गेले नाही. माय दिवसा दुसऱ्यांच्या मळ्यात जायची आणि तिथून सुटली की स्वतःच्या झुडपांना खुरपायला. घरात कधी बोललीच तर तेच. कोणत्या ओळीत कीड दिसली, कुठली नळी चोंदली. मी न ऐकल्यासारखं करायचे... ऐकत तर असायचेच.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात, लग्नसराईत, फुलं सुरू झाली. मग पहिल्यांदा असं झालं की वस्तीतल्या चार बाया मायच्या रोजानं आल्या. ती त्यांना सकाळी चहा द्यायची, आणि ऊन व्हायच्या आत सोडायची. तिला कुणी तसं सोडलं नव्हतं. त्याच वर्षी मी नांदेडला नर्सिंगला प्रवेश घेतला. फी शिष्यवृत्तीतून सुटली, हॉस्टेल, पुस्तकं, गणवेश फुलांनी दिले. हॉस्टेलला सोडायला माय आली होती. निघताना म्हणाली, "डाक्टर न्हाई झालीस माज्यामुळं. हाव ना?" मी म्हणाले, "नाही गं, तसं काही नाही." ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग बसकडं गेली. माझं उत्तर खोटं होतं हे तिला कळलं असणार.

लातूरला नोकरी लागल्यावर ते खोटं मला रोज दिसतं. दवाखान्याच्या समोरूनच क्लासच्या पोरी जातात, पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्रं, काही जणींच्या आया डबे घेऊन मागं. मला त्यांचा हेवा वाटत नाही असं मी म्हणणार नाही. त्याच वेळी मला हेही माहीत आहे की एका वर्षाची फी देऊन झाली असती, परीक्षेत मी पुन्हा राहिले असते, तर घरात काहीच उरलं नसतं, फुलंही नाहीत. खरं काय झालं असतं ते कुणालाच सांगता येत नाही.

आता ज्या दिवसाचं सांगायचं टाळते आहे तो दिवस. आषाढात लग्नं नसतात, काकड्याचा भाव पडलेला असतो. अशा दिवसांत माय रोजानं बाया लावायची नाही. ती आणि धुरपामावशी दोघीच जायच्या. त्या दिवशी मावशी लेकीकडं हदगावला गेली होती. माय एकटी गेली. फुलांचा टेम्पो रस्त्यावर आला, तिची पाटी तिथं नव्हती. टेम्पोवाल्यानं हाका मारल्या, मग आत जाऊन बघितलं. बांधाला टेकून बसली होती ती. ओटी कळ्यांनी अर्ध्याच्या वर भरलेली. नांदेडला नेईपर्यंत श्वास थांबला होता. हदगावला मावशीला आधी कळलं, मग तिनं मला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, मण्यार असावी. मण्यारीचा दंश पुष्कळदा नीट जाणवतही नाही. काटा लागला असं समजून ती तोडतच राहिली असणार.

मी नर्स आहे. मण्यारीच्या विषानं आधी पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, हे मला पाठ आहे. दुसऱ्याच्या मळ्यात असती तर शेजारच्या ओळीत दहा बाया असत्या. कुणीतरी म्हणालं असतं, कौसा, अशी का करायलीस गं? तेवढंच पुरलं असतं. स्वतःच्या पट्टीवर ती एकटी होती. पैसे आले नसते तर ती एकटी नसती... हाच तो प्रश्न.

संस्थेच्या ताई भेटायला आल्या होत्या. त्यांनाही हेच टोचत असावं. चहा तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "दादा, आम्ही पैसे दिले नसते तर..." दादा फार बोलणारे नाहीत. पण त्या दिवशी म्हणाले, "ताई, तसं म्हणू नगा. पहिल्या दिवशी स्वोताच्या फुलाची पाटी रोडवर ठिवली ना तिनं, घरी येऊन दिसभर बोलत व्हती. मी काम सोडून ऐकत बसलो. लग्न झाल्यापासून तेवढी बोललीच नव्हती ती. मला म्हाईतच नव्हतं तिला एवढं बोलता येतंय."

दादांचं खरं आहे. माझा प्रश्नही खोटा नाही. दोन्ही एकाच घरात राहतात सध्या.

दुसऱ्या बाजूनं धुरपामावशी. ती दारात बसून मला म्हणाली, "मी हदगावला गेलेच न्हाई पायजे व्हतं." मी तिला म्हणाले, तुझा काय दोष. तीही मला म्हणाली, तुझा काय दोष. आम्ही दोघींनी एकमेकींना मोकळं केलं, स्वतःला नाही.

ठोक्याची मुदत अजून आहे. पाटलानं विचारलं, आता पट्टी सोडता का? दादा माझ्याकडं बघायला लागले. उत्तर मावशीनं दिलं, "सोडायची न्हाई. आमी चौघी करतो. सुजाचा वाटा सुजाला." त्या चौघी म्हणजे मावशी धरून मायकडं रोजानं येणाऱ्या बाया. गमबूट घ्यायचे ठरले, ते मी लातूरहून पाठवले. आणखी एक नियम मावशीनं केला: तोडताना थोड्या थोड्या वेळानं ती एकेकीचं नाव घेऊन हाक मारणार, आणि जिचं नाव तिनं ओ द्यायची.

मागच्या सुट्टीत मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर पट्टीवर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आता श्रावणात भाव चढलाय, झुडपं पांढरी झालीत. विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोपीत खिळ्याला एक शर्ट अडकवलेला होता. दादांचा जुना, निळ्या चौकड्यांचा. तोडताना लुगड्यावरनं माय तो घालायची, हात खरचटू नयेत म्हणून. मावशी म्हणाली, "घाल. फांद्या लागतेत." मी घातला. दादा उंच, माय बुटकी. तिनं बाह्या तीन-तीन घड्या घालून आपल्या मनगटापर्यंत वर घेतल्या होत्या आणि घडी सुटू नये म्हणून दोऱ्यानं टाके मारले होते. मी तिच्यापेक्षा उंच आहे. माझी मनगटं उघडी पडली, आणि पानांवरचं पाणी थेट हातावर यायला लागलं.

पलीकडच्या ओळीतून मावशीची हाक आली, "सुजाता?"

"हाव," मी म्हणाले, आणि पुढच्या झुडपाला हात घातला. टाके उसवले नाहीत.