जाता-जाता

आमच्याकडे काम कुणी काम म्हणून सांगत नाही, जाता-जाता सांगतात. मी अंगणात स्कूटी काढली आणि स्टँड वर केला, की तो आवाज पिंपळवंडीच्या निम्म्या आळीला कसा ऐकू जातो हे मला आजवर कळलेलं नाही. "वहिनी, नारायणगावला निघालात व्हय? जाता-जाता आमचं मिक्सरचं भांडं टाका दुरुस्तीला." "मंचरपातूर जाणार असाल तर जाता-जाता चष्मा घेऊन या ना, झालाय म्हणत्यात." यात खुबी अशी, की तुम्ही जातच आहात, तेव्हा हे काही कामच नव्हे. नाही म्हणायला जागाच राहत नाही. मी मनातल्या मनात चडफडते, भांडं डिकीत टाकते आणि निघते.

रस्त्याकडेला आमची रोपवाटिका आहे. टोमॅटोची रोपं मुख्य, बाकी मिरची, फ्लॉवर. नवरा शेत बघतो. रोपं, गिऱ्हाइकं, मंचरचा बियाण्यांचा डीलर, लेकीचं कॉलेज, दवाखाना आणि वर सगळ्या आळीचं जाता-जाता हे माझ्या डोक्यात. त्या डोक्याने एकदा दगा दिला. बियाण्यांची पाकिटं आणायला मंचरला गेले आणि पाकिटं सोडून सगळं घेऊन आले. भांडं, चष्मा, कुणाचे तरी सुके बोंबीलसुद्धा. नवरा हसला आणि म्हणाला, "चुकलंच माझं. बियाणंबी जाता-जाता सांगायला पायजे व्हतं."

मला राग आला, कारण ते खरं होतं. त्याच संध्याकाळी लेकीला म्हटलं, ते कामांच्या यादीचं ॲप म्हणतात ते दे टाकून.

लेकीने आनंदाने एक टाकलं. ते इंग्रजी होतं आणि त्यात प्रत्येक कामाला झेंडा लावायचा होता. फार महत्त्वाचं असेल तर लाल, जरा कमी तर केशरी, मग निळा. आठवडाभरात माझी सगळी कामं लाल झाली. मोटारीचा फ्यूज लाल, लेकीची फी लाल, शेजारणीचं भांडं तर पहिलं लाल, कारण ती रोज कुंपणापाशी येऊन उभी राहायची. नवऱ्याने फोन हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "यात्रेचा गुलाल सांडला व्हय यात?" मी ते काढून टाकलं.

दुसरं ॲप बघायला छान होतं. एक काम केलं की त्यात एक रोपटं वाढायचं, काम राहिलं की ते मान टाकायचं. लेकीला वाटलं, आईला हे आवडणारच. अगं, माझ्या शेडमध्ये हजारो रोपं मान टाकायला टपून बसलेली असतात. त्यांच्या मिनतवाऱ्या करून दमलेली मी, आणि दुपारी जेवायला बसले की फोन सांगणार, तुमचं रोपटं सुकत आहे! दोनदा मी खरंच ताटावरून उठून शेडकडे धावले. मग तेही गेलं.

तिसऱ्यात बोलून लिहायची सोय होती. माझे हात कायम मातीचे, म्हणून हे बरं वाटलं. पण त्याला आमचं मराठी झेपेना. ट्रेमध्ये भरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा, कोकोपीट, तो संपत आला होता. मी बोलले, "कोकोपीट लई कमी राहिलंय." त्याला नुसती हिंदीच येत असावी. त्याने लिहिलं, "कोको को पीट, लाई कमी रह गई." चार दिवसांनी ते वाचताना मलाच प्रश्न पडला, की कोको कोण आणि तिला बडवायचं कशासाठी. शेवटी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्या माहेरचं कुणी असंल."

चौथं मात्र जमलं. मराठीत होतं, आणि त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे यादी घरातल्या सगळ्यांच्या फोनात दिसायची, कुणीही काम घालावं, कुणीही उरकावं. दुसरी गोष्ट पाहून तर मी खुर्चीतच सरळ झाले. कामाला वेळ न लावता गाव लावता यायचं. त्या गावाजवळ गेलं की फोन टुणकन वाजणार आणि तिथलं काम सांगणार. म्हणजे जाता-जाताच की! ॲप करणारा माणूस आमच्या आळीत राहून गेला असावा असं मला वाटलं.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की आमचा नवरा वाघ आहे. ठिबकच्या नळ्या साफ करणे, टिक. गोठ्याचा बल्ब बदलणे, टिक. माळ्यावरचे जुने ट्रे खाली काढणे, त्यालाही टिक. टिक केली की ते काम यादीतून नाहीसं व्हायचं आणि वर 'शाब्बास!' असं यायचं. मी इतकी हरखले, की त्या संध्याकाळी त्याच्या आवडीची शेंगोळी केली. दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेले तर अंधार. नळ्या तशाच, ट्रे माळ्यावरच. विचारलं तर साहेब शांतपणे म्हणाले, "टिक म्हंजे बघितलं ना? मेसेज वाचला की निळ्या टिका येत्यात, तशी. तू येवढं लिहितीस, तर वाचलं म्हणून कळवायला नको?" शेंगोळी वाया गेल्याचं मला जास्त लागलं. टिक म्हणजे झालं, नुसतं बघण्याला काही किंमत नाही, हे मी त्याच्या डोक्यात बसवलं आणि घराची गाडी रुळावर आली.

त्या ॲपमध्ये मी कळंबला आईला लावलं होतं.

माझं माहेर महाळुंगे पडवळ. मंचरच्या वाटेवर कळंबहून आत वळायचं. आई तिथे एकटी राहते, भाऊ नोकरीला चिंचवडला. मी मंचरला निघाले, की कळंबच्या अलीकडे फोन टुणकन वाजायचा आणि वर अक्षरं यायची, 'आई'. मग मी आत वळायची. लेकीने आईच्या फोनातही तेच ॲप टाकून दिलं, म्हणजे तिला काय हवं ते ती लिहील. आई चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून वाचते. 'गोळ्या आण.' 'गूळ नको हाय.' नको असलेल्या गोष्टीही ती लिहायची.

पूर्वी महिना-महिना जाणं व्हायचं नाही, आता आठवड्याला फेरी व्हायला लागली. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. फेरी म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची. स्कूटी दारात, डिकीतून पिशवी काढायची, ओट्यावर टेकायचं, चहा प्यायचा आणि उठायचं. अंधाराच्या आत घर गाठावं लागतं. आमच्याकडे उसाच्या कडेने दिवेलागणीनंतर स्कूटी चालवायची कुणाची छाती नाही, बिबट्या रस्त्यातच बसलेला असतो. त्यामुळे तोंडाचा स्कार्फही मी सोडायची नाही. डोक्यावरून, कपाळावरून, नाकावरून नीट गुंडाळून मागे गाठ मारायला आरसा लागतो, वेळ जातो. हनुवटीपर्यंत खाली ओढायचा, चहा प्यायचा, पुन्हा वर.

"दरोडा घालाया आल्यावानी येतीस," आई म्हणायची. "सोड की तो फडका."

"पुढच्या वेळी," मी म्हणायची आणि किक मारायची.

मग संक्रांतीच्या आधी भावाने ठरवलं, की आता आईने एकटं राहायचं नाही. गुडघे चालत नाहीत, वस्ती रानात, शेजारचं घरही हाकेच्या अंतरावर नाही. संक्रांत झाली की रविवारी तो गाडी घेऊन येणार, तिला चिंचवडला नेणार आणि घराला कुलूप. आईने वाद घातला नाही. मला फोन करून एवढंच म्हणाली, "हितं हाय तवर एक डाव मुक्कामाला ये. माझ्या हातची मासवडी खा. मग त्यांच्या घरी त्यांची चूल, मला काय कुणी करून देणार न्हाई. पण ऐक, जाता-जाता नको येऊ. माझ्याकडंच म्हणून ये."

मला एकदम भरून आलं. लग्न झाल्यापासून आजारपणं आणि कार्यं सोडली तर मी तिथे नुसती राहायला म्हणून गेलेच नव्हते. मी तिथल्या तिथे ॲप उघडलं आणि लिहिलं, 'शनिवारी दुपारी आईकडे मुक्कामाला जाणे.' सकाळची आठवण लावली, दुपारची लावली. जन्मात पहिल्यांदा लाल झेंडा लावण्यासारखं काम होतं आणि या ॲपमध्ये झेंडेच नव्हते. लिहून झालं आणि मी निर्धास्त झाले. डोक्यातलं फोनात टाकायचं आणि डोकं मोकळं ठेवायचं, हेच तर मी इतक्या खटपटीने शिकले होते.

त्या आठवड्यात उन्हाळी टोमॅटोच्या रोपांची मागणी एकदम सुटली. दारात सारखा टेम्पो. बायका ट्रे भरताहेत, मी बी टोचतेय, फोनवर एकीकडे गिऱ्हाईक, एकीकडे डीलर. फोन दिवसभर टुणटुणत होता आणि सांगेल ते मी करत होते. शनिवारी त्याने कोकोपीट सांगितलं, फवारणी सांगितली, लेकीचा फॉर्म सांगितला. मी सगळं उरकलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्या दिवसाची यादी पार रिकामी झाली. मी शेडमध्ये उलट्या क्रेटवर बसले आणि मनाशी म्हटलं, बाई, जिंकलीस.

तेवढ्यात आईचा फोन आला. "कुठवर आलीस?"

"कुठं?" मी म्हणाले.

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "न्हाई, मासवड्या उकडून ठेवल्यात. रस्सा तेवढा तू आल्यावर गरम करती."

ॲप उघडलं, वर-खाली केलं. आईचं काम यादीत नव्हतं. झालेल्या कामांत शोधलं तर तिथे ते मंगळवारीच होऊन बसलं होतं, पुढे हिरवी टिक.

"आई, तू टिक केलीस का गं?"

"व्हय की. तू येणार म्हणून लिहिलंस, वाचलं. वाचलं म्हणून कळवायला नको?"

मला ओरडावंसं वाटलं. नवऱ्याला टिक शिकवली, आईला शिकवायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण तिने एका अक्षराने मला बोल लावला नाही. "कामात असशील तर ऱ्हाऊ दे," म्हणाली, "उद्या दादा यायच्या आधी जाता-जाता येऊन जा." तो शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बायका ट्रे भरायच्या थांबल्या.

नवऱ्याला हाक मारली, म्हटलं, मी चालले, उद्याच येईन. त्याने मावळतीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि एकदाही बिबट्याचं नाव काढलं नाही. "हायवेनं जा, आतल्या रस्त्यानं नको. रोपं बघतो मी," म्हणाला. "टिक न्हाई, खरंच बघतो."

स्टँड वर केला आणि शेजारीण कुंपणापाशी हजर. "वहिनी, निघालात व्हय? जाता-जाता जरा..."

"आज जाता-जाता नाही," मी म्हणाले. "आईकडं चाललेय." तिने हातातली पिशवी पदराआड घेतली.

कळंबच्या अलीकडे फोन खिशात टुणकन वाजला. मला माहीत होतं काय लिहिलं असेल. मी आत वळले. शेवटच्या उसाच्या पट्ट्याला हॉर्न दाबूनच धरला होता, बिबट्या असलाच तर तो घाबरून भीमाशंकरच्या जंगलात गेला असेल.

आई ओट्यावर बसली होती. मी स्कूटी बंद केली, चावी काढली, डिकीतून कपड्यांची पिशवी काढली. ती उठली नाही, नुसती बघत राहिली. मी ओट्यावर टेकले तशी म्हणाली, "आधी तो फडका सोड."

मी गाठ सोडली. स्कार्फ काढला, केसांचा चिमटा काढला. आईने ओट्यावरचा दिवा लावला, माझी हनुवटी धरली आणि तोंड दिव्याकडे वळवलं. मग कपाळावरच्या केसांवरून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"अगं, केस पिकलं की तुझं," ती म्हणाली. "कवा पिकलं? मला सांगितलं न्हाईस ते?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. दर आठवड्याला मी या ओट्यावर येऊन गेले होते. मी नुसतं "व्हय गं" म्हणाले. माहेरी बसलं की माझी भाषा आपोआप बदलते.

तिने माझ्या मांडीवरचा स्कार्फ उचलला. मला वाटलं घडी घालतेय. ती गुडघे धरत उठली, मोरीपाशी गेली आणि पाण्याने भरलेल्या बादलीत तो सगळा बुचकळला.

"आई, अगं, उद्या जाताना लागेल मला तो!"

"लई धूळ व्हती त्यात," आई म्हणाली आणि साबण शोधायला लागली. "थंडीचं दिस हायत. उद्या दुपारबिगर काय वाळत न्हाई."