सदफ आणि डाळमिलचा उलटा निरोप

शेजारच्या सदफविषयी आज लिहिते. लातूरच्या एका क्लासात ती जीवशास्त्र शिकवते. तिचे अब्बा, जिलानीभाई, डाळमिलमध्ये पोती भरायचे. सकाळी माझी पोथी चालू असते तेव्हा भिंतीपलीकडून तिची तयारी ऐकू येते.

माझी नणंद सरजाअक्का किल्लारीकडची. भूकंपात तिची थोरली लेक स्लॅबखाली गेली. वीस वर्षं झाली, अक्का स्लॅबखाली पाऊल टाकत नाही. आमच्याकडे राहते तीही अंगणातच, पत्र्याखाली; आमचं घर स्लॅबचं ना. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन नाही झालं तर दिसायचं बंद. आणि दवाखाना तर स्लॅबचाच.

गांजाला बसायला मेंदूत जागा असतात, असं सदफ बोलताना मी ऐकलं. भांग म्हणजे गांजाचाच पाला; अक्काची भीती जाईल म्हणून महाशिवरात्रीच्या प्रसादाची भांग दुधात घोटली. देवाचंच आहे, म्हटलं.

तेवढ्यात आलेल्या सदफनं पेला उचलला. "काकू, हे काय करून राहिल्या?"

"तूच म्हणालीस ना, जागा असतात?"

ती हसत ओट्यावर टेकली. "बघा, वरून हमाल तूर ओतायचा, खाली अब्बा पोती भरायचे. ढीग झाला की अब्बा खालून ओरडायचे, 'बस कर!' मेंदूत तसंच हाय. एक पेशी ग्लुटामेट नावाचं द्रव्य ओतती, त्यानं पुढची पेशी जागी होती. लई झालं की पुढचीच गांजासारखं द्रव्य स्वतः बनवून उलटं पाठवती. ते ओतणारीवरच्या त्या जागांवर बसतं, अन् ओतणं कमी होतं."

"मग भांगही तेच करती की!"

"भांग म्हणजे रस्त्यावरचा माणूस मिलमध्ये घुसून सगळ्याच मशिनींवर ओरडतो. चालायला पाहिजे तेही थांबतं. सरजामावशी उलट जास्त घाबरतील. त्यापेक्षा रोज थोडं थोडं स्लॅबखाली बसवलं, तर त्यांचा मेंदूच आपलं द्रव्य बनवून भीतीला 'बस कर' म्हणायला शिकंल."

दुसऱ्या दिवसापासून क्लास सुटला की पेपर तपासायला ती आमच्या उंबऱ्यावर बसू लागली, अक्काला शेजारी घेऊन. आठवड्यानं दोघी उंबऱ्याच्या आत. मग खोलीच्या मधोमध. अक्का उठून बाहेर निघायची, "पडतंय गं पोरी!"

"जायचं तर जावा मावशी. पण उद्या परत यायचं."

रमजानातही ती चुकली नाही. रोजा अक्काच्या हातच्या खजुरानं सोडायची. गुण त्या द्रव्याचा की सोबतीचा, हे मलाही सांगता येत नाही, असं सदफ म्हणते. इतकी शिकलेली, पण कबूल करते.

ऑपरेशनच्या दिवशी अक्कानं दवाखान्याच्या दारातून वर पाहिलं.

"डॉक्टर, स्लॅब कवाचा हाय?"

"दहा वर्षांचा, आजी."

"मंजी पोरगंच हाय अजून," म्हणाली, आणि चालत आत गेली.

आम्ही बाकावर बसलो. अक्कापुढे एकदाही न डगमगलेली सदफ ओढणीत तोंड घालून हुंदके देत होती. मी रेणुकामाईचं नाव घेत तिची पाठ थोपटत राहिले.