पंचवीस अंश आणि खातरजमा मॅडम

मॅडम कशावरही चटकन विश्वास ठेवत नसत. बदनापूरहून रेल्वेने येत, तर स्टेशनवरचं घड्याळ आधी स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघत आणि मगच गाडीला उशीर झाला म्हणत. जुन्या जालन्यातल्या आमच्या बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना 'खातरजमा मॅडम' म्हणायचो.

बियाणं उगवतं का, हे बघायला आमच्याकडे एक पेटी होती. आत कायम पंचवीस अंश तापमान लागे आणि ते संगणक सांभाळी. उन्हाळ्यात संगणक बदलला. त्यातल्या नव्या कर्नलवर, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीवर, पेटीचं तापमान वाचणाऱ्या कार्डाचा जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड संगणकाशी जोडणारा प्रोग्राम, चालेना. जुन्या पद्धतीत तापमानाचा आकडा थेट मिळे. नव्या पद्धतीत वाचन जमलं की फसलं हे आधी कळतं, आकडा त्यानंतर स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. मी दोन दिवसांत ड्रायव्हर नव्या पद्धतीवर आणला. पडद्यावर पंचवीस झळकले.

"इतक्या जल्दी?" मॅडम म्हणाल्या. "मला न्हाई पटत."

मला राग आला.

आठवड्याभरात वाटूरच्या शेतकरी इंदूबाईंचं तपासणीला आलेलं सोयाबीनचं बियाणं पेटीतच सडलं. अहवालात 'नापास' लिहायचं तेवढं राहिलं होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"बियाणं खोटं का आकडा खोटा, आधी ते बघू."

साधा काचेचा थर्मामीटर त्यांनी पेटीत ठेवला. त्यात पारा चौतीसवर गेला. पडदा पंचवीसवर ढिम्म.

"ड्रायव्हर करताना काही वॉर्निंग आल्ती का?"

"नाही, मॅडम."

त्यांनी खुर्ची ओढली आणि माझा कोड ओळ न् ओळ वाचला. वाचन फसलं का ते तपासा, अशी वॉर्निंग संगणकाने दिली होती. ती मी बंद करून टाकली होती. म्हणून कार्ड गप्प झालं तरी जुनाच आकडा दिसत राहिला आणि पेटी थंड करणारं यंत्र सुरूच झालं नाही.

"मशीन खोटं बोललं तर दुरुस्त करता येतं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही बोललात, त्याचं मी काय करू?"

इंदूबाईंना फोन त्यांनी मलाच करायला लावला. चूक माझी होती, बियाणं पुन्हा लावतोय, असं मी सांगितलं.

"मंग माझं बियाणं बराबर हाय ना?"

"अजून माहीत नाही, बाई."

शेजारी उभ्या मॅडमनी मान डोलावली. ड्रायव्हर दुरुस्त केल्यावर दुसऱ्या खेपेला बियाणं छान उगवलं.

मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी, पुढच्या कर्नलसाठी बदललेल्या ड्रायव्हरचा तपासणी अहवाल मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी न वाचताच सही केली.

"मॅडम, बघून तर घ्या."

"कशाला? तुम्ही बघितलंय ना?"

त्या गेल्या. मी तो कागद घेऊन पेटीपाशी गेलो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसलो.