बाबानं माह्या नावानं आणलेली खाजेची गोळी

मित्रांनो, आज डोकं फिरलं आहे म्हणून लिहून राह्यलो.

माह्या बाबाले कोलेस्ट्रॉलची गोळी रोज चालू आहे. धानाचा परहा लावताना चिखलात राहून राहून त्यायले खाज सुटली. गावातल्या मेडिकलवाल्यानं डॉक्टरची चिठ्ठी न पाहता पंधरा दिवसांच्या कॅप्सूल देऊन टाकल्या.

आज सकाळी बाबाले खाटेवरून उठताच येईना. लघवी काळ्या चहासारखी. तसंच बालाघाटले मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भडकले. म्हणाले, "ह्या दोन दवाया संगं घेत नसतात! खाजेच्या कॅप्सूलनं कोलेस्ट्रॉलची गोळी अंगात साचते, मांसपेशी खराब होतात, मग किडनीवर येते." दोन्ही बंद केल्या, भरती केलं, सलाईन लावली.

मी गाडी काढली अन् थेट मेडिकलवर गेलो. "बाबाची कोलेस्ट्रॉलची गोळी दर महिन्याले तुह्याच इथून नेतो. मंग हे कॅप्सूल काहून देल्ली? एक शब्द विचाराले काय झालतं तुले?"

तो म्हणे, "भाऊ, काका तर म्हणत होते, पोराले खाज आहे."

दुकानातले सारे माह्याकडं पाहाले लागले.

तरी चिठ्ठी मागाची होती ना त्यानं! दवाई आहे का चॉकलेट?

दवाखान्यात येऊन बाबाले विचारलं. खाली पाहून म्हणाले, "जांघेची खाज, अन् घरात सूनबाई. माही आहे म्हणून कसं सांगू? तुहं नाव घेतलं."

तुमच्या घरी कोण कोणाच्या नावानं दवाई आणते, आजच विचारा.

आमच्या बाबाची लाज तर वाचली. किडनीचं उद्या रिपोर्टात समजन.